माकडताप : एक जंगल, एक लस आणि माझा एक अहवाल

बंगळूर शहराच्या दक्षिणेस आनेकल नावाचा तालुका आहे. नोकरीनिमित्त बंगळुरात येऊन पडलेल्या अनेक मराठी कुटुंबांप्रमाणे आम्हीही, शहरातील घरभाड्यांचा विचार करून, याच तालुक्यातील एका वसाहतीत राहतो. पूर्वेला अत्तिबेले, उत्तरेला बोम्मसंद्र आणि जिगणी अशा औद्योगिक वसाहती, मधे नाचणीची उरलीसुरली शेते, आणि पश्चिमेला बन्नेरघट्ट्याचे जंगल, अशी आमची चतुःसीमा आहे. या जंगलातील हत्ती अधूनमधून नाचणी खायला खाली उतरतात. त्या मानाने इतर प्राण्यांकडे आमचे फारसे लक्ष जात नाही.

मागे एका जानेवारीत, रविवार साधून, आम्ही पाच-सहा मराठी कुटुंबे आनेकलजवळच्या मुत्याल मडुवु या धबधब्यावर गेलो होतो. धबधब्याला त्या दिवसांत पाणी बेताचेच असते. पण मुलांना वाळलेल्या पानांचा ढीग पुरेसा होता. त्यांनी दिवसभर त्यात मनसोक्त लोळण घेतली. रात्री नऊच्या सुमारास शेजारी दारात उभे. हे गृहस्थ मूळ नागपूरचे, संगणक अभियंता. त्यांच्या सात वर्षांच्या मुलीच्या कानामागे गोचीड चिकटलेला होता. घरातील आजीबाईंनी रॉकेल सुचवले होते, कुणी पेटती उदबत्ती टेकवायला सांगितले होते, आणि गृहस्थांनी स्वतः तासभर महाजालावर वाचन करून आपली झोप पुरती घालवून घेतली होती. "काका, माकडताप तर होणार नाही ना?" हा त्यांचा प्रश्न होता.

मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे आनेकल-बन्नेरघट्टा हा भाग माकडतापाच्या ज्ञात पट्ट्यात येत नाही. दुसरी गोष्ट अशी की रॉकेल आणि उदबत्ती दोन्ही दूर ठेवावीत, कारण त्रासलेला गोचीड आपल्या पोटातील द्रव जखमेत ओकण्याची शक्यता वाढते. मग बारीक टोकाच्या चिमट्याने, कातडीच्या अगदी लगत पकडून, न पिळता आणि न फिरवता, सरळ वर ओढून तो काढला. जागा साबणाने धुतली आणि पुढील दोन आठवडे ताप येतो का याकडे लक्ष ठेवण्यास सांगितले. मुलगी ठणठणीत राहिली. परंतु निघताना शेजाऱ्यांनी सहज विचारले, "तुम्ही तर अर्थशास्त्राचे. मग हे सारे तुम्हाला कसे ठाऊक?" त्यावर मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. खरे उत्तर लांबलचक आहे आणि मला फारसे भूषणावह नाही. ते या लेखात देत आहे.

गोचीड मराठी माणसाला नवा नाही. गाईच्या कासेला चिकटूनही दूध सोडून रक्तच पिणारा म्हणून ज्ञानेश्वरीपासून त्याचा दाखला दिला जातो. गोठ्यात बसून गाईच्या कानातले गोचीड वेचणे हे कोकणात आणि देशावर पोराबाळांचे काम असे. अंगाला चिकटून राहणाऱ्या माणसासाठी आपण त्याचेच नाव वापरतो. परंतु तो रोग वाहून आणतो, ही जाणीव आपल्या म्हणी-वाक्प्रचारांत कुठेही नाही. वस्तुतः डासाच्या खालोखाल माणसाला रोग पोचवणारा हाच जीव आहे. बंगळूरच्या भोवतालच्या संकरित गाईंना होणारा थायलेरियाचा ताप गोचिडामुळे होतो. शहरातील पाळीव कुत्र्यांचा गोचीडताप तपकिरी गोचिडामुळे होतो. माणसाला पुरळ आणणारा रिकेट्सियाचा गोचीडज्वर भारताच्या अनेक भागांत आढळतो. २०११ च्या जानेवारीत गुजरातमधील साणंदजवळच्या कोलाट गावी क्रिमियन-काँगो रक्तस्रावी तापाचे रुग्ण आढळले. तोही गोचिडांमार्फतच पसरणारा. मात्र भारताच्या नकाशावर ज्याचे नाव आपल्याच एका जंगलावरून पडले असा गोचीडजन्य आजार एकच. त्याचे नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. कन्नडमध्ये त्याला मंगन कायिले म्हणतात आणि मराठीत माकडताप.

ही कथा १९५७ पासून सुरू होते. आदल्या वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यांची पुनर्रचना झाली होती. मुंबई राज्यातून बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवार हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले होते, आणि मराठी वर्तमानपत्रांना सीमाप्रश्नाखेरीज दुसरे काही सुचत नव्हते. त्याच वेळी म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब आणि सागर तालुक्यांच्या जंगलात, झाडांवरची माकडे मरून खाली पडू लागली. काळ्या तोंडाची वानरे आणि लाल तोंडाची टोपीवाली माकडे, दोन्ही. त्याच सुमारास जंगलात लाकूडफाटा व पाने गोळा करणाऱ्या गावकऱ्यांना अकस्मात तीव्र ताप येऊ लागला. डोके फुटेल अशी वेदना, डोळे लाल, अंग मोडून येणे, उलट्या, काहींच्या हिरड्यांतून व नाकातून रक्त. स्थानिक आरोग्य कर्मचाऱ्यांना हा प्रथम विषमज्वराचा प्रकार वाटला होता.

पुण्यात १९५२ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून विषाणू संशोधन केंद्र स्थापन केले होते. आज आपण ज्याला राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणतो तीच ही संस्था. मरणारी माकडे आणि तापाने पडणारी माणसे हे दोन शब्द एकत्र कानी पडताच तेथील शास्त्रज्ञांच्या पोटात गोळा आला, कारण आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील जंगली पीतज्वराचे चित्र हुबेहूब असेच असते. पीतज्वर आशियात कधीच आला नव्हता. तो पसरवणारा डास मात्र आपल्याकडे मुबलक आहे. पीतज्वर भारतात आला असता तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही. केंद्राचे संचालक टेलफर्ड वर्क आणि कीटकशास्त्रज्ञ हॅरोल्ड ट्रॅपिडो तातडीने शिमोग्याला गेले. मृत माकडांपासून व रुग्णांपासून विषाणू वेगळा केला गेला. तो पीतज्वराचा निघाला नाही. तो निघाला सायबेरियातील वसंत-ग्रीष्म मेंदुज्वराच्या कुळातला, म्हणजे गोचिडांमार्फत पसरणारा. क्यासनूर हे ज्या जंगलाचे नाव, तेच रोगाला मिळाले. पहिल्याच हंगामात चारशेहून अधिक माणसे आजारी पडली होती.

सायबेरियाचा विषाणू सह्याद्रीच्या कुशीत आला कसा? तत्कालीन शास्त्रज्ञांना सुचलेले उत्तर मोठे काव्यात्म होते : हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावर बसून. या तर्काचा एक अनपेक्षित लाभ झाला. डॉ. सालिम अली यांना पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास करायचा होताच, पण पैसा नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेला पक्ष्यांत नव्हे तर त्यांच्या अंगावरील गोचिडांत रस होता. त्यातून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचा मोठा प्रकल्प उभा राहिला. हजारो पक्षी पकडून, कडी घालून सोडून देण्यात आले. पुढे त्या कामाला अमेरिकी लष्कराशी संबंधित निधी मिळाला आणि तेथे घोडे पेंड खाऊ लागले. परदेशी लष्कराला आपल्या पक्ष्यांवरचे विषाणू कशाला हवेत, हा प्रश्न सत्तरीच्या दशकात वृत्तपत्रांतून व संसदेत विचारला गेला. संसदेच्या लोकलेखा समितीने १९७४-७५ मधील आपल्या १६७ व्या अहवालात, दिल्लीतील डासांच्या जनुकीय नियंत्रणाच्या प्रकल्पाबरोबरच, या पक्षी-प्रकल्पाचीही झाडाझडती घेतली. लोकलेखा समितीचे अहवाल वाचणे हा माझ्या नोकरीचा भाग राहिलेला आहे. त्यांतील बहुतेक सिमेंट, खत आणि आगाऊ रकमांविषयी असतात. गोचिडांविषयीचा हा बहुधा एकमेव असावा.

पक्ष्यांवरचा आरोप अखेर सिद्ध झाला नाही. विषाणू येथलाच, पुरातन रहिवासी असल्याचे पुढे स्पष्ट होत गेले. क्यासनूरपासून कितीतरी दूर, सौराष्ट्र व कच्छच्या लोकांच्या रक्तातही या विषाणूशी जुळणारी प्रतिपिंडे मिळाली होती. १९९५ साली सौदी अरेबियात सापडलेला अलखुर्मा विषाणू त्याचा सख्खा भाऊबंद निघाला, आणि जनुकीय अभ्यासानुसार दोघांची ताटातूट काही शतकांपूर्वीची आहे. म्हणजे प्रश्न "विषाणू कोठून आला" हा नव्हताच. प्रश्न होता, "इतकी शतके जंगलात गुमान राहिलेला विषाणू १९५७ च्या सुमारास माणसांत का आला?"

याचे उत्तर शोधण्याचे कष्टाचे काम पुण्याच्या केंद्रातील मंडळींनी सागर येथे राहून वर्षानुवर्षे केले. टी. रामचंद्र राव, पी. के. राजगोपालन यांसारखे भारतीय शास्त्रज्ञ त्यांत होते आणि होर्हे बोशेल हे कोलंबियाचे शास्त्रज्ञही होते. या कामात संस्थेच्या अनेक कर्मचाऱ्यांना स्वतःलाच या तापाची लागण झाली, हे येथे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे. त्यांनी उलगडलेले चक्र थोडक्यात असे आहे. हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा हा गोचीड यातील मुख्य वाहक. त्याच्या आयुष्यात अंड्यानंतर तीन अवस्था येतात : सहा पायांची अळी, आठ पायांचे पिल्लू आणि प्रौढ. प्रत्येक अवस्थेत तो एकेकदाच रक्त पितो. पावसाळा संपता संपता अळ्या निघतात आणि उंदीर, चिचुंद्री, पक्षी, माकडे यांच्या रक्तावर वाढतात. यजमानाच्या रक्तात विषाणू असेल तर तो गोचिडाच्या शरीरात जन्मभर राहतो. अळीचे पिल्लू होते ते नोव्हेंबरपासून पुढे. खसखशीच्या दाण्याहून किंचित मोठे असलेले हे पिल्लूच माणसाला चावते. जानेवारी ते मार्च हा त्याचा भर आणि मेअखेरपर्यंत धोका. प्रौढ गोचीड पावसाळ्यात मोठ्या जनावरांवर, विशेषतः गाईगुरांवर, पोसले जातात.

या चक्रात दोन दुवे ध्यानात घेण्याजोगे आहेत. पहिला माकडाचा. माकडाला हा ताप माणसाइतकाच किंबहुना अधिक घातक. ते मेले की त्याच्या थंड पडणाऱ्या अंगावरील शेकडो गोचीड तेथेच खाली उतरतात आणि ती जागा विषाणूचे आगर बनते. म्हणूनच मेलेल्या माकडाभोवतीच्या जमिनीवर मॅलेथिऑनची भुकटी टाकण्याची पद्धत आहे. दुसरा दुवा गाईचा. गाय स्वतः विषाणू फारसा पसरवत नाही, परंतु प्रौढ गोचिडांना पोटभर रक्त देऊन त्यांची संख्या बेसुमार वाढवते. जंगल तोडून शेती झाली, शेताबरोबर गुरे आली, गुरे चरायला उरलेल्या जंगलात गेली, आणि तेथील गोचिडांची सोय झाली. बोशेल यांनी १९६९ मध्ये या बदलत्या भूवापराकडेच बोट दाखवले होते. त्याच दशकात शरावतीवर लिंगनमक्की धरण होऊन, बुडालेल्या गावांतील माणसे आणि गुरे नव्या जंगलपट्ट्यांत सरकली होती, हेही लक्षात ठेवावे.

या निष्कर्षाची परीक्षा दक्षिण कन्नड जिल्ह्यात झाली. बेळ्तंगडी तालुक्यात १९८२ मध्ये काजूच्या लागवडीसाठी जुने जंगल साफ करण्यात आले. जंगल तोडायला मजूर गेले. त्या हंगामात आणि पुढच्या हंगामात दीड हजारांहून अधिक माणसे आजारी पडली. माकडतापाचा हा सर्वांत मोठा उद्रेक. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मार्क निख्टर यांनी त्याचा अभ्यास करून १९८७ मध्ये एक निबंध लिहिला आणि माकडतापाला विकासाचा रोग म्हटले. झाडे तोडल्याने जंगलातील दैवते कोपली, असे तेथील गावकऱ्यांचे म्हणणे होते. आम्ही अर्थशास्त्राचे विद्यार्थी याच गोष्टीला बाह्य परिणाम म्हणतो : काजूचा नफा महामंडळाच्या खात्यात जमा, तापाचा खर्च मजुराच्या घरात नावे. दोन्ही स्पष्टीकरणांत कारण एकच आहे. गावकऱ्यांचे अधिक लवकर सुचलेले होते इतकेच.

आता लशीकडे वळू. कारण माझा संबंध तेथे येतो. या तापावर विशिष्ट औषध नाही. रुग्णाला पाणी, क्षार, रक्तस्राव झाल्यास रक्त, आणि सावध शुश्रूषा एवढेच हाती असते. शंभरांतील तीन ते पाच रुग्ण दगावतात. म्हणून लशीचे महत्त्व. सुरुवातीला सायबेरियन मेंदुज्वराची लस शिमोग्यातील काही हजार लोकांना देऊन पाहिली. उपयोग झाला नाही. पुढे क्यासनूरच्याच विषाणूपासून, कोंबडीच्या भ्रूणपेशींत वाढवून व फॉर्मॅलिनने मारून, लस तयार झाली. १९९० ते ९२ मध्ये तिची प्रत्यक्ष गावांत चाचणी झाली तेव्हा दोन मात्रांनंतर ९३.५ टक्के संरक्षण दिसले. निकाल आनंददायक होता. एक महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, मग सहा ते नऊ महिन्यांनी वर्धक मात्रा आणि त्यानंतर दरवर्षी वर्धक, असा कार्यक्रम ठरला.

२००७ च्या फेब्रुवारीत, ग्रामीण आरोग्य योजनांच्या मूल्यमापनासाठी, मी सागर तालुक्यात आठवडाभर फिरलो. तेव्हा मी पस्तिशीच्या आसपासचा, आकडेवारीवर अतोनात विश्वास असलेला अधिकारी होतो. एका प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीकरणाची वही पाहिली. पहिल्या मात्रेचा रकाना बऱ्यापैकी भरलेला, दुसरीचा निम्म्याने रिकामा, वर्धक मात्रेचा जवळजवळ कोरा. भिंतीवर गोचिडाचे मोठे चित्र होते, खाली कन्नडमध्ये सूचना. कपाटात अंगाला लावायच्या तेलाच्या बाटल्या होत्या. परिचारिकेने मला सारे चक्र समजावून सांगितले. शेजाऱ्यांच्या मुलीच्या कानामागील गोचीड मी जसा काढला, तसा काढायला तिनेच शिकवले.

बाहेर सुपारीच्या बागेत काम करणारी एक बाई बसली होती. दुसरी मात्रा का घेतली नाही, असे मी दुभाष्यामार्फत विचारले. ती म्हणाली, सुई फार दुखते, दोन दिवस हात उचलत नाही, आणि हे सुपारीच्या हंगामातले दिवस असतात. मग थांबून म्हणाली, सुई घेतलेल्यांनाही ताप येतोच की. मी पहिले वाक्य टिपून घेतले. दुसरे टिपले नाही. अडाणीपणाचा नमुना म्हणून दुभाष्याकडे पाहून मंद हसलो, हे मला नीट आठवते. अहवालात मी लिहिले : "दुसऱ्या व वर्धक मात्रांबाबत लाभार्थींमध्ये उदासीनता व जागृतीचा अभाव आढळतो. व्यापक प्रचारमोहिमेची शिफारस करण्यात येते." अहवाल स्वीकारला गेला. वाक्यरचनेबद्दल वरिष्ठांनी कौतुकही केले.

२०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २००५ ते २०१० या काळात कर्नाटकात दिलेल्या लशीचे मोजमाप त्यात होते. दोन मात्रांचे संरक्षण ९३.५ नव्हे, ६२.४ टक्के. वर्धक मात्रेसह सुमारे ८३. म्हणजे माझ्या दौऱ्याच्या वर्षी, दोन मात्रा घेतलेल्यांतही तिघांमागे एकाहून अधिक जणांच्या बाबतीत लस निष्प्रभ ठरत होती. त्या बाईने मला नेमके हेच सांगितले होते. माझ्याजवळ वही होती, तिच्याजवळ शेजारपाजार होता. आणि तिचा नमुना माझ्यापेक्षा चांगला होता. पुढे लशीची क्षमता आणखी घटत गेली. आनेकलहून शहर ओलांडून गेले की हेब्बाळ लागते. तेथील पशुआरोग्य संस्थेत ही लस तयार होत असे. २०२२ मध्ये ती थांबवण्यात आली. त्यानंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्स या कंपनीबरोबर नव्या लशीचे काम हाती घेतले. ते यशस्वी व्हावे, अशी प्रार्थना. पण यात बाजाराचाही प्रश्न आहे. वर्षाला सरासरी चारशे-पाचशे रुग्ण, तेही जंगलाकाठचे गरीब. अशा लशीला गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे सरकार. आणि एकट्या गिऱ्हाइकाने मालाची प्रत तपासणे सोडले, तर ती तपासणारा दुसरा कोणी उरत नाही.

येथवरची चूक कागदावरची होती. दुसरी घरातली.

माझे आजोळ सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यातले. मामांची काजूची बाग आहे. सागरहून सरळ रेषेत ते अंतर सुमारे दोनशे किलोमीटर, सह्याद्री तोच, हवामान तेच, माकडे तीच, गोचीडही तेच. २०१२ अखेर माकडताप बंदीपूरच्या बाजूला दिसला. नंतर केरळात वायनाडला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात पाली गावी. पाली आणि दोडामार्ग यांच्यामध्ये एक राज्यसीमा आणि काही डोंगर आहेत. या बातम्या मी वाचल्या होत्या. २०१६ च्या जानेवारीत मामांचा दूरध्वनी आला. इकडच्या तिकडच्या गप्पांत ते म्हणाले, "अरे, रानात माकडां मरतत हां." मी म्हणालो, पाण्याची टंचाई असेल. आणि विषय बदलला.

ज्या माणसाने आठवडाभर सागर तालुक्यात मृत माकडांच्या नोंदवह्या तपासल्या होत्या, त्याने हे उत्तर दिले. कारण माझ्या डोक्यात माकडताप कर्नाटक नावाच्या फायलीत होता आणि दोडामार्ग आजोळ नावाच्या फायलीत. त्या हंगामात दोडामार्ग तालुक्यात शंभराहून अधिक लोकांना माकडताप झाल्याचे निष्पन्न झाले. काजू धरण्यापूर्वी झाडाखालचा पातेरा ओढून जागा स्वच्छ करावी लागते. मामांच्या बागेत हे काम करणारी एक बाई तापाने पडली. आधी फ्लू समजून, मग डेंग्यू समजून उपचार झाले. ताप मधे उतरला, सर्वांना हायसे वाटले, आणि आठवड्याने तो डोक्यात शिरून परतला. दहा-वीस टक्के रुग्णांत ताप असा दोन टप्प्यांत येतो, हे मला सागरच्या परिचारिकेने सांगितलेले होते. ती बाई वाचली नाही. तिच्या रक्ताची तपासणी झाली नव्हती, म्हणून तो माकडतापच होता असे कोणत्याही कागदावर सिद्ध नाही. मामा मला कधी काही बोलले नाहीत. मीच त्यांना एकदा सांगितले की मला ठाऊक होते. ते म्हणाले, "तुका ठावक होता, तर सांगूचा होता."

या वाक्याला प्रशासनाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात उत्तर नाही, परंतु प्रशासनाचा सारा प्रश्न त्यात आहे. माकड वनखात्याचे, गाय पशुसंवर्धनाची, माणूस आरोग्यखात्याचा आणि बाग कृषिखात्याची. गोचीड मात्र या चौघांच्या अंगावरून फिरतो आणि भाषावार प्रांतरचना मानत नाही. विषाणूचा शोध पुण्याच्या संस्थेने लावला, तरी महाराष्ट्रातील तालुक्याच्या डॉक्टरला सहा दशके तो ओळखण्याचे कारण पडले नाही. तेव्हा रोग खरोखर नव्याने पसरला, की आता तो ओळखणारी नजर आली? जलद जनुकीय तपासणी २०१२ च्या सुमारास हाती आली, हे पाहता दोन्ही थोडे थोडे खरे असावे. पूर्वीचे किती "विषमज्वर" आणि "साधे ताप" वस्तुतः काय होते, हे आता कोण सांगणार?

आणखी एक मुद्दा, अर्थशास्त्राचा. "हंगामात जंगलात जाऊ नका" हा सल्ला देणे सोपे आहे. परंतु जानेवारी ते मे हाच काजूचा, सुपारीचा, सरपणाचा आणि पातेऱ्याचा काळ. जाऊ नका म्हणजे कमावू नका. म्हणून जो उपाय मजुरी बुडू देत नाही, तोच टिकतो. अंगाला लावायचे तेल फुकट आणि वेळेवर मिळणे, बागमालकाने बूट व पूर्ण बाह्यांचे कपडे देणे, दोन दिवस हात दुखणार असेल तर त्या दिवसांची मजुरी कोणीतरी भरणे. माझ्या अहवालात प्रचारमोहिमेऐवजी हे एक वाक्य असते, तर तो कागद वाया गेला नसता.

आता आपल्यासारख्यांसाठी थोडेसे. आपण बंगळूर, हैदराबाद, दिल्ली किंवा आखातात राहतो आणि सुट्टीत कोकणात, गोव्यात किंवा मलनाडात जातो. बहुधा काजू-आंब्याच्याच दिवसांत. जंगलाकाठी जाताना पायघोळ कपडे घालावेत आणि विजारीचे टोक मोज्यात खोचावे. डीईपीए तेल किंवा तत्सम कीटकरोधक उघड्या अंगाला लावावे. वाळलेल्या पानांवर बसू नये, मुलांना लोळू देऊ नये. परतल्यावर गरम पाण्याने साबण लावून अंघोळ करावी, कपडे गरम पाण्यात भिजवावेत आणि कानामागे, काखेत, गुडघ्यामागे, कमरेशी पाहावे. मेलेल्या माकडाला हात लावू नये. वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चावल्यापासून तीन ते आठ दिवसांनी ताप येतो, म्हणजे तोवर आपण शहरात परत आलेलो असतो. शहरातील डॉक्टर डेंग्यूची तपासणी सांगतील, जंगलाविषयी विचारणार नाहीत. आपण होऊन सांगावे : गेल्या आठवड्यात मी अमुक गावी, रानात होतो. हा ताप माणसापासून माणसाला होत नाही, तेव्हा घाबरून रुग्णाला दूर लोटण्याचे कारण नाही.

मामा आता ऐंशीच्या पुढे आहेत. दर डिसेंबरात मी त्यांना दूरध्वनी करून आधी माकडांची चौकशी करतो, मग त्यांच्या प्रकृतीची. या क्रमाचे त्यांना पहिल्या वर्षी हसू आले होते. आता ते स्वतःच सुरुवात करतात. गेल्या वेळी म्हणाले, माकडे बरी आहेत, रोज येऊन काजू फस्त करतात, आणि शिव्या घालाव्यात इतकी धष्टपुष्ट आहेत. तो दूरध्वनी ठेवल्यावर मला फार बरे वाटले.